नवा सेंडर बसवला तरी इंधनकाटा लिटर सांगत नाही

छोट्या बोटी चालवणाऱ्यांमध्ये एक सल्ला सतत फिरत असतो: इंधनकाटा चुकतो तो सेंडर (टाकीतल्या इंधनाची पातळी मोजून काट्याला कळवणारा भाग) गेल्यामुळेच, कुठलाही नवा सेंडर बसवा, काटा अचूक होईल, तरी शंका असेल तर फ्लो मीटर (इंजिनाकडे जाणारं इंधन मोजणारं यंत्र) लावा, आणि काटा पाव टाकीवर आला की परत फिरा, पाव टाकी किनारा गाठायला पुरते. यातलं एकही विधान जसंच्या तसं धरून पाण्यात उतरू नये. शेवटचं तर सर्वांत घातक आहे.

"काटा चुकतो तो सेंडर गेल्यामुळेच"

टाकीतला फ्लोट (इंधनावर तरंगणारा भाग) वर-खाली होतो तसा सेंडरचा रेझिस्टन्स (विजेला होणारा विरोध, ओहममध्ये मोजतात) बदलतो आणि डॅशवरचा काटा तो वाचतो. पण वाटेत वायर, तिचे जोड आणि अर्थिंगही (वीज परत जाण्याची जोडणी, पुढे नुसतं 'अर्थ') येतं. खाऱ्या हवेत सेंडरच्या आधी बऱ्याचदा अर्थचा जोडच गंजतो. म्हणून टाकीला हात लावण्याआधी डॅशमागे तपासा. त्याही आधी बिल्जची (बोटीच्या तळातल्या पोकळीची) झाकणं उघडा आणि ब्लोअर, म्हणजे तिथली हवा बाहेर काढणारा पंखा, किमान ४ मिनिटं चालवा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचून राहते.

काट्यामागे तीन टोकं असतात: आय म्हणजे १२ व्होल्ट, एस म्हणजे सेंडर, जी म्हणजे अर्थ. किल्ली बंद ठेवून एसची वायर काढा, मग किल्ली चालू करून काटा पाहा. पुन्हा किल्ली बंद करा, एस आणि जी ही टोकं वायरच्या तुकड्याने जोडा आणि परत पाहा. सेंडर आणि काटे दोन मापांत येतात. अमेरिकी मापात रिकाम्या टाकीला २४० ओहम आणि भरलेल्या टाकीला ३३ ओहम असतात. तिथे वायर काढल्यावर काटा रिकाम्यावर पडला आणि जोडल्यावर पूर्ण भरलेल्यावर गेला, तर काट्यात दोष नाही. युरोपीय मापात रिकाम्याला १० आणि भरलेल्याला १८० ओहम, म्हणून तिथे सगळं उलट दिसेल. वायरचा तुकडा आयच्या टोकाला लागू देऊ नका, शॉर्ट होईल. ही जोडाजोड टाकीजवळ करायची नाही, ठिणगी उडू शकते.

आता किल्ली बंद करून तो तुकडा काढा. एसची सुटी वायर आणि काट्याचा अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटरने ओहम मोजा. मग सेंडरवरची वायर काढून तिथेच, सेंडरच्या दोन टोकांमध्ये मोजा. दोन आकड्यांत एक-दोन ओहमपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरीत किंवा अर्थमध्ये आहे. जोड घासून स्वच्छ करा, कल्हई केलेल्या तांब्याची वायर आणि नवे टर्मिनल वापरा.

समजा गंजलेल्या अर्थमुळे ३० ओहम वाढले. अमेरिकी मापात भरलेल्या टाकीचे ३३ चे ६३ होतात, काटा कमी इंधन दाखवतो आणि तुम्ही लवकर परत फिरता. युरोपीय मापात मात्र रिकाम्या टाकीचे १० चे ४० होतात, म्हणजे टाकी कोरडी असताना काटा इंधन दाखवत राहतो. युरोपीय मापाच्या बोटीत अर्थचा जोड दर हंगामाच्या सुरुवातीला तपासावा, हे आमचं ठाम मत आहे.

"कुठलाही नवा सेंडर चालतो"

चालत नाही. काट्याचं माप आणि सेंडरचं माप जुळलं नाही तर काटा उलटा फिरतो: भरलेल्या टाकीला रिकामी म्हणतो, रिकामीला भरलेली. मापाइतकीच खोली महत्त्वाची. नळीचा सेंडर (ज्यात फ्लोट उभ्या नळीवर सरकतो) टाकीच्या आतल्या खोलीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर आखूड घ्या. दांडीच्या सेंडरची (ज्यात फ्लोट फिरत्या दांडीच्या टोकाला असतो) बिजागरी टाकीच्या निम्म्या खोलीवर यायला हवी आणि दांडी आतल्या आडव्या पत्र्याला अडता कामा नये. सेंडर घट्ट करण्याआधी दांडी हाताने खालून वर फिरवत ओहम पाहा, आकडा कुठेही अडकता किंवा उडी मारता कामा नये. मात्र नळीच्या सेंडरमध्ये आतल्या स्विचमुळे आकडा टप्प्याटप्प्यानेच बदलतो, तो दोष नव्हे.

"नवा सेंडर म्हणजे अचूक काटा"

सेंडर इंधनाची उंची मोजतो, लिटर मोजत नाही. बोटीच्या तळात बसवलेल्या टाक्या खाली निमुळत्या असतात. पूर्ण व्ही आकाराची, ४० सेंटिमीटर खोल आणि १०० लिटरची टाकी घ्या. इंधन २० सेंटिमीटरवर असताना काटा अर्ध्यावर असतो आणि टाकीत असतात फक्त २५ लिटर. १० सेंटिमीटरला काटा पाव दाखवतो, आत असतात जेमतेम ६ लिटर. प्रत्यक्षातल्या टाक्या व्ही आणि चौकोन यांच्या मधल्या असतात, पण चुकीची दिशा हीच: पहिलं अर्धं सावकाश उतरतं, दुसरं झरझर.

त्यात बोट वेगात असताना नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, वर उचलली जाते आणि इंधन मागे सरकतं. सेंडर टाकीच्या मध्यावर नसेल तर काटा लगेच चढतो किंवा पडतो. वाचन नेहमी बोट थांबवून, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून, मिनिटभर थांबून घ्या.

काट्याची कोष्टकं तयार करायला रिकाम्या टाकीत १०-१० लिटर ओतत बसू नका. त्यात प्रत्येक वेळी वाफ उडते आणि काटा बघायला किल्ली चालू करावी लागते. त्याऐवजी इंधन भरायला जाण्याआधी काट्याची जागा लिहून ठेवा, पंपाचं नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथे थांबा आणि किती लिटर गेले ते शेजारी लिहा. भरलेल्या टाकीच्या लिटरमधून ते वजा केले की त्या जागेचे खरे लिटर मिळतात. वेगवेगळ्या जागांवरून भरत गेलात की कोष्टक आपोआप पुरं होतं.

"फ्लो मीटर लावला की काट्याची गरज नाही"

फ्लो मीटर उपयोगी आहे, पण तो स्वतःमधून गेलेलं इंधनच मोजतो. टाकी आणि त्याच्या मधली गळती त्याला दिसत नाही. भरताना आकडा चुकीचा टाकला तर पुढचं सगळं गणित चुकतं. जादा डिझेल टाकीत परत पाठवणाऱ्या इंजिनाला जाणारं आणि येणारं अशी दोन मोजमापं लागतात. काटा आणि फ्लो मीटर एकमेकांशी जुळेनासे झाले की उरलेल्या इंधनाचा कमी आकडा खरा धरा.

"पाव उरलं की परत फिरा"

वरच्या टाकीत पाव म्हणजे ६ लिटर. पूर्ण थ्रॉटलवर ६० हॉर्सपॉवरचं पेट्रोल आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन) तासाला साधारण २० लिटर पितं, म्हणजे १८ मिनिटं. शिवाय इंधन ओढणारी नळी तळाच्या थोडी वर संपते. लाटांवर टाकी डुलली की नळीच्या तोंडाशी हवा येते आणि इंधन असूनही इंजिन बंद पडतं.

हिशोब काट्यावर नको, लिटरवर हवा. वापरता येणाऱ्या इंधनाचे तीन भाग करा: एक जाण्यासाठी, एक येण्यासाठी, एक राखीव. येताना वारा किंवा प्रवाह समोरून असणार असेल तर जाण्याचा भाग आणखी छोटा करा. वापरता येणारे ९० लिटर असतील तर राखीव भागाला हात न लावता ३० लिटर संपले की फिरायचं, आणि ३० लिटर संपल्यावर तुमच्या बोटीचा काटा कुठे असतो ते कोष्टकातून काढून त्या जागी डॅशवर चिकटपट्टीची खूण करा.