फाल्गुनातला हुरडा

गेल्या रविवारी जालना जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी ऐतिहासिक कादंबरीलेखनाची कार्यशाळा घेतली आणि एका सेवानिवृत्त तलाठ्याने माझा पंचनामा केला. आज गुरुवार आहे, तरी जखम ओलीच आहे.

हे गृहस्थ शिबिरार्थी नव्हते, हे आधी नोंदवतो. एसटी वेळेवर नसल्याने ते सूनबाईंना मोटारसायकलवर सोडायला आले होते आणि चहा होईपर्यंत म्हणून शेवटच्या रांगेत टेकले होते. चहा झाला, पोहे झाले, तरी ते उठले नाहीत. त्यांच्या मांडीवर माझी कादंबरी होती. लेखकाला याहून गोड दृश्य नसते, म्हणून मी भाबडेपणाने त्यांच्याकडे पाहून हसलो. प्रत वाचनालयाची होती, हे मला नंतर कळले.

कादंबरी परतूरच्या छावणीची आहे. ३ फेब्रुवारी १७६० रोजी सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला नमवले, पण त्याआधीच, १० जानेवारीला, दिल्लीजवळ बुराडी घाटावर अब्दालीच्या फौजेशी लढताना दत्ताजी शिंदे पडले होते. त्यामुळे मार्चमध्ये परतूरहून फौज उत्तरेकडे निघाली ती थेट पानिपतापर्यंत. मराठी माणसाला पानिपत पाठ असते. मात्र ती वाट आपल्या परतूरवरून गेली, हे खुद्द परतूरकडच्या माणसांनाही सांगावे लागते. या एका खंतीपायी मी तीन वर्षे मोडी कागद वाचून चष्म्याचा नंबर वाढवून घेतला.

प्रश्नोत्तरांत नेहमीचे प्रश्न आले. यावर मालिका कधी येणार, अमुक सरदार नक्की कोणाचे, आमच्या आडनावाचे कोणी लढाईत होते का. वाक्य कसे घडते, हे विचारणारा माणूस मला गेल्या अनेक कार्यशाळांत भेटलेला नाही, आणि हे मी गमतीने लिहीत नाही. पूर्वजांची चौकशी करायला तीनशे रुपये भरून कशाला यावे?

तेवढ्यात मागून हात वर झाला.

"सर, पान एकशे बारा. छावणी कोणाच्या रानात होती?"

गट नंबर त्या काळी नव्हते, असे मी हसत सांगितले.

"ते ठाऊक आहे मला. पण रान कोणाचं तरी असंलच की. एवढे घोडे, हत्ती, बैल रानात घुसले. पायमल्लीची सूट मिळाली का कुळांना?"

मी चरकलो. फौजेने तुडवलेल्या पिकाबद्दल साऱ्यात सूट द्यायची, तिला पायमल्ली म्हणत. हा शब्द जुन्या कागदांत आहे, मी तो वाचलेलाही होता, आणि चारशे पानांत तो कुठेही वापरलेला नव्हता. फेट्यांचे रंग मात्र मी नऊ प्रकारचे दिले आहेत.

"राहू द्या," ते उदारपणे म्हणाले. "आता हा तुमचा शिलेदार. रात्री राहुटीत एकटाच आहे ना?"

"हो."

"मग त्याच्या मनात काय आलं, ते तुम्हाला कोणी सांगितलं? पंच कोण?"

वर्ग हसला. सूनबाई वहीत डोके खुपसून बसल्या होत्या. कादंबरीत कल्पना असते आणि मनाला पंच नसतात, असे मी काहीसे जड आवाजात समजावले. त्यांनी मान डोलावली आणि चष्मा पुसून माझेच वाक्य खणखणीत आवाजात वाचले: "कूच उद्याच, हे कानी पडताच त्याच्या हातातले हुरड्याचे हिरवे कणीस गळून पडले."

या वाक्यावर मी एक अख्खा पावसाळा घालवला आहे.

"महिना कोणता, सर?"

"मार्च."

"म्हणजे फाल्गुन. हुरडा संक्रांतीच्या पुढं-मागं खातात. फाल्गुनात टाळकी ज्वारी वाळून काढणीला येते, कणसं खळ्यावर पडतात. हातातून गळायला हिरवं कणीस यानं आणलं कुठून? तीस वर्षं गाव नमुना बारा लिहिलाय मी. पीक पाहणीला फाल्गुनात हिरवी ज्वारी लावली असती, तर साहेबांनी निलंबित केलं असतं."

मी पुन्हा कल्पनेच्या आश्रयाला गेलो. तेव्हा ते अगदी शांतपणे म्हणाले, "कल्पनेनंच करायचं तर मग पानिपत जिंकायला काय हरकत होती?"

पुढचा अर्धा तास मी काय शिकवले, ते मला आठवत नाही. शिबिरार्थी मात्र त्यांच्याभोवती गोळा झाले होते आणि ते रब्बीची पेरणी, खळ्याची राखण आणि कडब्याची गंजी समजावत होते. ते माझ्यापेक्षा बरे शिकवत होते, हे मान्य करायला मला चार दिवस लागले. संयोजकांनी निरोपाला मला शाल-श्रीफळ दिले आणि "येण्याजाण्याचं पुढं बघू" असे सांगितले. तलाठीकाकांना मात्र त्यांनी पुढच्या कार्यशाळेचे तोंडी आमंत्रण माझ्यादेखत दिले. त्यांना तरी पेट्रोलचे पैसे मिळोत.

रात्री मी प्रकाशकांना फोन करून ते वाक्य बदलायचे आहे, असे कळवले. ते म्हणाले, "दुसऱ्या आवृत्तीत बदलू की." पहिल्या आवृत्तीच्या हजारांपैकी सहाशे प्रती अजून त्यांच्या गोदामात पडून आहेत. तेव्हा त्या खपेपर्यंत परतूरला फाल्गुनात हुरडा चालूच राहील.