हरवलेल्या पोरीची गोष्ट पुरे, कॉटनबाईंबद्दल बोलू

ब्लूजचा, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या त्या गाण्याबजावण्याचा, विषय निघाला की आपल्याकडची गिटारवाली मंडळी हटकून रॉबर्ट जॉन्सन या गिटारवादकाच्या त्या चौकात जाऊन उभी राहतात. मध्यरात्री तिथे सैतानाला आत्मा विकून तो गिटार शिकला, अशी ती दंतकथा. ऐकायला झकास आहे, पण मला विचाराल तर ब्लूजमधला सगळ्यात अचाट हात सैतानाच्या मदतीशिवाय तयार झाला. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात, भावाचा बँजो चोरून वाजवता वाजवता.

एलिझाबेथ नेव्हिल्स, लग्नानंतरची कॉटन. जन्म 1893 चा, चॅपल हिलला लागून असलेल्या आजच्या कारबोरोतला. भाऊ कामावर गेला की ही त्याचा बँजो काढून बसायची. पोर डावखुरी आणि वाद्य उजव्या हाताचं. डावखुरे वादक सहसा तारा उलट्या क्रमाने चढवून घेतात, पण वाद्य भावाचं म्हटल्यावर तारा बदलणार कशा? तिने सरळ वाद्यच उलटं धरलं. पुढे लोकांकडे घरकाम करून पैसे साठवले आणि 3.75 डॉलरला स्वतःची स्टेला गिटार घेतली, तोवर हाताला तेच वळण लागून गेलं होतं.

आता यातली गंमत बघा. एरवी अंगठा वरच्या जाड तारांवर खर्ज सांभाळतो आणि बोटं खालच्या बारीक तारांवर चाल वाजवतात. कॉटनबाईंच्या गिटारवर जाड तारा खाली आणि बारीक वर. त्यामुळे खर्ज बोटांच्या वाट्याला आणि सुरावट अंगठ्याच्या. अंगठ्यातून निघालेल्या त्या चालीला एक गोलवा येतो, तो सरळ गिटारवर तसाच आणणं भल्याभल्यांना जड जातं. करून बघा. मी बघितलंय, घरचे मनसोक्त हसले.

'फ्रेट ट्रेन' हे त्यांचं सगळ्यात गाजलेलं गाणं याच वयातलं, अकरा-बारा वर्षांच्या मुलीने केलेलं. आणखी एक गाणं आहे, 'ओ बेब, इट एन्ट नो लाय'. शेजारच्या बाईने आईकडे खोटी चुगली केली, पोरीला शिक्षा झाली, त्या रागातून आलेलं. बालपणीचा राग असा मुरवून ठेवावा!

मग कोवळ्या वयात लग्न, मुलगी, घरकाम. चर्चमधल्या जाणत्या मंडळींनी बजावलं की ही असली देवाधर्माबाहेरची गाणी सोड. गिटार बाजूला पडली ती जवळजवळ चाळीस वर्षं.

आणि आता ती प्रसिद्ध गोष्ट येते. वॉशिंग्टनमधलं लॅन्सबर्ग नावाचं मोठं दुकान, तिथे बाहुल्या विकणाऱ्या कॉटनबाई, गर्दीत चुकलेली एक छोटी मुलगी. बाईंनी तिला आईकडे पोचवलं. आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, मुलगी पेगी. सीगरबाईंनी कॉटनना घरकामाला ठेवलं. घर संगीताचं, भिंतीवर गिटार टांगलेली. एक दिवस पेगीने बघितलं तर कामवाल्या बाई तीच गिटार उलटी धरून वाजवताहेत.

इथे सांगणाऱ्याचा गळा दाटून येतो. नशीब बघा म्हणतात, पोरगी हरवली नसती तर! माझं मात्र इथेच डोकं फिरतं. पन्नाशी ओलांडलेल्या बाईला लोकांच्या कपड्यांना इस्त्री करावी लागत होती, स्वयंपाक करावा लागत होता, यात नशिबाचं कौतुक ते काय? तिला वाजवायला फुरसत कोणी दिली नाही, हा खरा मुद्दा. पोरगी हरवण्याचा प्रसंग गोड आहे म्हणून आपण त्या चाळीस वर्षांवरून एका वाक्यात उडी मारतो. (होय, वर मीही मारली.)

सीगर मंडळींना नावं ठेवायची नाहीत मला. पेगीचा भाऊ माइक याने बाईंच्या घरी जाऊन ध्वनिमुद्रण केलं, 1958 मध्ये फोकवेज या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्याच नावाने रेकॉर्ड काढली. पण त्याआधी पेगी इंग्लंडला जाऊन 'फ्रेट ट्रेन' गायली होती आणि 1957 मध्ये चॅस मॅकडेव्हिटचा ग्रुप व नॅन्सी व्हिस्की यांनी ते तिथे तुफान गाजवलं. रचनाकार म्हणून नावं कोणाची? दुसऱ्याच दोन पुरुषांची. श्रेय मिळवायला पुढे झगडावं लागलं, त्यातही सीगर कुटुंब पाठीशी उभं राहिलं. गाणं बनवणारी बाई अनोळखी, काळी आणि गरीब असली की ते सगळ्यांचं असतं, आणि हक्क नोंदवायची वेळ आली की त्याला पटकन मालक सापडतात.

1960 मध्ये स्वार्थमोर कॉलेजात माइकबरोबर पहिली मैफल, वय सदुसष्ट. नाव झालं तरी लोकांची घरकामं लगेच सुटली नाहीत. 1984 मध्ये नॅशनल हेरिटेज फेलोशिप, म्हणजे लोककलावंतांसाठीचा अमेरिकेचा राष्ट्रीय सन्मान, 1985 मध्ये नव्वदी उलटल्यावर ग्रॅमी. 1987 मध्ये सिराक्यूजला निधन. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेमला त्यांची आठवण झाली ती 2022 मध्ये. सावकाश हो, घाई काय होती!

ऐकायचं असेल तर 1967 च्या 'शेक शुगरी'पासून सुरुवात करा. शीर्षकगीताची कडवी बाईंच्या पणतवंडांनी जुळवली आणि गायली बारा वर्षांच्या पणतीने. घरातलं एकेक सामान गहाण पडत जातं आणि चाल मात्र हसरी. त्यानंतर बाईंचा कुठलाही व्हिडिओ लावा, आणि चेहरा नंतर बघा, आधी तो डावा अंगठा बघा.