संत फ्रान्सिस गप्प बसले नव्हते

‘सदैव सुवार्ता सांगा; गरज पडली तरच शब्द वापरा.’ इटलीतल्या असिसीच्या, तेराव्या शतकातल्या संत फ्रान्सिसच्या नावावर हे वाक्य त्यांच्या सणाला, ४ ऑक्टोबरला, हमखास फिरतं. शेअर करणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण त्यातून तीन समज पसरतात: वाक्य फ्रान्सिसचं आहे, त्यांना बोलण्यापेक्षा मौन प्रिय होतं, आणि चांगलं वागलं की सुवार्ता, म्हणजे ख्रिस्ताविषयीची शुभवार्ता, पोहोचली. तिन्ही चूक आहेत.

वाक्याचं आधी बघू. फ्रान्सिसची पत्रं, प्रार्थना, आपल्या संघातल्या संन्यासी बंधूंसाठीच्या नियमावल्या आज उपलब्ध आहेत. त्यांत ते नाही, सुरुवातीच्या चरित्रांतही नाही. त्यातल्या त्यात जवळचा मजकूर १२२१च्या नियमावलीच्या १७व्या अध्यायात सापडतो: सर्व बंधूंनी कृतीतून प्रवचन करावं. पण तो अध्याय मुळात तोंडी प्रवचन करणाऱ्या बंधूंसाठीच लिहिलेला आहे. १२२३च्या नियमावलीत तर प्रवचन कसं असावं तेही सांगितलंय: शब्द तोलून-पारखून वापरावेत आणि थोडक्यात बोलावं.

आता मौन. सेलानोच्या थॉमसने फ्रान्सिसच्या मृत्यूनंतर दोन-तीन वर्षांतच त्यांचं चरित्र लिहिलं. तो सांगतो की ते बऱ्याचदा एका दिवसात चार-पाच गावं फिरून सुवार्ता सांगत. १५ ऑगस्ट १२२२ला बोलोन्याच्या चौकात त्यांचं प्रवचन झालं, ते तिथे शिकणाऱ्या स्प्लिटच्या थॉमसने स्वतः ऐकलं. जवळजवळ सगळं शहर लोटलं होतं. फ्रान्सिसच्या अंगावरचे कपडे मळलेले, रूप सामान्य. तरीही त्या शब्दांनी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांच्या जिवावर उठलेल्या घराण्यांत समेट झाला, असं तो लिहितो. त्याआधी, १२१९मध्ये, धर्मयुद्ध चालू असताना ते इजिप्तमध्ये दमिएत्ताजवळ सुलतान अल-कामिलच्या छावणीत नि:शस्त्र गेले, तेही ख्रिस्ताविषयी बोलायलाच. हा माणूस मौनाचा पुरस्कर्ता कसा?

तिसरा समज मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण तो सुवार्तेलाच हात घालतो. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठवला गेला: प्रेषित पौलाने करिंथकरांना (करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीला) सांगितलेली सुवार्ता ही. ही घडलेली घटना आहे. मी शेजाऱ्याच्या आजारपणात रात्रभर जागलो तर मी भला माणूस आहे एवढंच त्याला कळेल. यरुशलेमेत काय झालं ते कोणीतरी सांगितल्याशिवाय त्याला कळायचं नाही. ऐकलंच नाही तर विश्वास कसा ठेवतील, हा पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्रातला प्रश्न याचसाठी आहे.

शब्दांची भीती वाटते ती आक्रस्ताळ्या प्रचारामुळे, आणि ती रास्त आहे. ज्याच्या वागण्यात प्रेम नाही त्याचं प्रवचन ऐकायला कोण थांबेल? पण त्यावरचा इलाज ख्रिस्ताचा शिष्य पेत्र याने सांगून ठेवलाय: आपल्या आशेचं कारण विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि आदराने.

मराठी कवी नारायण वामन टिळकांच्या बाबतीत तेच घडलं. १८९३मध्ये राजनांदगावला जाताना आगगाडीत एक युरोपियन सहप्रवासी त्यांच्याशी सौजन्याने वागला, काव्यावर बोलला. तो तेवढ्यावर थांबला नाही. नव्या कराराची प्रत देऊन त्याने ती वाचायला सांगितली. टिळकांनी वाचली, डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळले, आणि १८९५मध्ये मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी हीच सुवार्ता अभंगांतून आणि कीर्तनांतून गायली.