जुन्या नट्या म्हणे शालीन होत्या

सकाळी साडेसातला, चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत, घरच्या ग्रुपवर काकांचा मेसेज. हल्लीच्या एका नटीच्या मुलाखतीची क्लिप आणि खाली, "जुन्या नट्या बघा, किती शालीन. घरातलं घरात ठेवायच्या. आणि ही! आईपासून नवऱ्यापर्यंत सगळं चव्हाट्यावर." त्यावर सात अंगठे, दोन जोडलेले हात, आणि एका वहिनीचं "अगदी खरंय काका".

क्लिप पाहिली. काय बोलली बिचारी? लहानपणी आई शूटिंगला घेऊन जायची, शाळा बुडायची, मिळालेले पैसे कुठे गेले ते कधी कळलं नाही, पुढे लग्न टिकलं नाही. झालं. आवाज चढवला नाही, कोणाचा उद्धार केला नाही. चार मिनिटांची क्लिप.

मग मला काकांना एवढंच विचारायचंय, जुन्या नट्या म्हणजे नक्की कोण? हंसा वाडकर चालतील का जुन्या म्हणून?

मूळच्या रतन साळगावकर. १९३६ साली 'विजयाची लग्ने'मधून पडद्यावर आल्या तेव्हा फार तर तेरा वर्षांच्या. हौस म्हणून नाही, घरात पैसे हवे होते म्हणून. बाप दारूत, आणि पोरगी कॅमेऱ्यासमोर. पुढे प्रभातच्या 'संत सखू'त त्या सखू झाल्या. सासूचा छळ सोसणारी, पंढरीची वाट धरणारी सखू पाहून थेटरात बायका पदराने डोळे पुसत होत्या. 'लोकशाहीर रामजोशी'तली बया त्याच. १९५९ चा 'सांगत्ये ऐका' पुण्यात विजयानंदला १३१ आठवडे चालला. अडीच वर्षं! आजच्या कुठल्याही सुपरस्टारने एवढं चालवून दाखवावं. ('बुगडी'वर नाचणाऱ्या जयश्री गडकर. हे लिहिलं नाही तर कोणीतरी कमेंटमध्ये दुरुस्त करणारच, म्हणून आधीच सांगून टाकते.)

आणि त्याच सिनेमाचं नाव देऊन हंसाबाईंनी स्वतःची गोष्ट सांगितली. शब्दांकन तरुण पत्रकार अरुण साधूंचं. आधी 'माणूस' साप्ताहिकात छापून आली, १९७० मध्ये पुस्तक. बाळपण, बाप, नवरा, दारू, आयुष्यात आलेले पुरुष, नको म्हणून पाडायला लावलेली मुलं. सगळं. काकांच्या भाषेत, चव्हाट्यावर.

आता मला आजीबद्दल सांगू दे.

मी आठवीत होते, मे महिना. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्याला हिरवा पडदा. वाचायला बंदी. दुपारी सगळे आडवे झाले की ती मला हळूच हाक मारायची. कपाटातल्या नऊवारी घड्यांच्या मधून एक पुस्तक काढायला लावायची. त्याला कालनिर्णयच्या पानाचं कव्हर. वर एकादशी, संकष्टी, मागे दुधाचा हिशोब. आत हंसा वाडकर.

मी वाचायची, ती ऐकायची. आवाज बारीक ठेव म्हणायची. आणि मधेच, "हं, आता पुढचं पान घे." मी घ्यायची. "अजून एक." मी आणखी एक उलटायची. "हं, इथून वाच."

तेव्हा वाटलं, डोळे दुखत असतील, कंटाळा आला असेल. अक्कल नव्हती. डोळे मिटून पडलेल्या बाईला कुठलं पान कधी येतं आणि कुठे संपतं ते तंतोतंत माहीत होतं, याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरायला पंधरा वर्षं गेली.

तर काका, नट्या शालीन नव्हत्या. ऐकणारे दुपारी दारं लोटून ऐकत होते, एवढाच काय तो फरक.

मला ह्या 'शालीन', 'घरंदाज' शब्दांचीच चीड येते. १९१३ साली फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'मधली तारामती करायला बाई मिळेना, साळुंके नावाच्या पुरुषाला साडी नेसवावी लागली. त्याच वर्षी दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई पडद्यावर उभ्या राहिल्या. म्हणजे पहिल्यापासून हे असंच. पडद्यावर बाई हवी, पण आपल्या घरातली नको. ती आली की तिच्या नावाने शिट्ट्या मारायच्या, तिकिटं काढायची, आणि ती बोलायला लागली की म्हणायचं, अगं बाई, हे असलं सांगतात का कोणी?

हंसाबाईंच्या पैशावर घर चाललं. माहेर चाललं, मग सासर चाललं. त्यांना संसार हवा होता, मुलं हवी होती, कामच सोडायचं होतं. सोडू कोण देणार? दुभती गाय कोणी खुंट्यावरून सोडतं का? पैसा घरात आलेला चालतो. तो कसा आला ते बाईने सांगितलं की अब्रू जाते. कोणाची जाते पण? तिची तर तुम्ही आधीच घालवून बसलेले असता.

बरं, मान्य. हल्लीच्या काही मुलाखती बरोब्बर सिनेमा लागायच्या आठवड्यातच येतात. दिसतं मलाही. आणि हंसाबाईंच्या पुस्तकात नवऱ्याची बाजू नाही, हेही मान्य. पुढे.

आजी महापालिकेच्या शाळेत शिक्षिका होती. एकोणतीस वर्षं. पहिल्या तारखेला पगाराचं पाकीट आणायची आणि देवापुढे ठेवायची. देवाने ते कधी उघडलं नाही. आजोबा उघडायचे. मोजायचे, आणि त्यातून आजीला महिन्याचे बसचे पैसे द्यायचे. बसचे, मोजून. कधी ती चालत घरी यायची आणि वाचलेल्या पैशांचा गजरा घ्यायची, तर गजरा कुठून आला हा प्रश्न व्हायचा.

आजोबा वाईट होते असं नाही हं. दोन धोतरांवर वर्ष काढायचे, चहासुद्धा बाहेर प्यायले नाहीत, चारही मुलं शिकली ती ह्याच काटकसरीवर. पण पाकीट तिचं होतं.

आणि त्या चार मुलांतले एक आमचे हे काका.

आजीने पुस्तकातली कुठली जागा माझ्याकडून परत परत वाचून घेतली माहितीये? पुरुषांची नाही, दारूची नाही. स्वतःचं घर हवं होतं, साधं घर, ती जागा. मी वाचून झालं की म्हणायची, "परत वाच." मग काही बोलायची नाही. पंख्याचा आवाज. एकदा फक्त म्हणाली, "एवढं कमावून हंसाच्या हातात काय राहिलं गं?" मी म्हटलं, आजी, मला काय माहीत. ती म्हणाली, "तुला नसेलच."

'सांगत्ये' लिहिलं की माझा मोबाईल आपोआप 'सांगते' करतो. आतापर्यंत पाच वेळा दुरुस्त केलं. आजी तसंच बोलायची. येत्ये, जात्ये, बघत्ये. तिच्या तोंडचं ते 'त्ये' फोनलासुद्धा चूक वाटतं.

पुढे श्याम बेनेगलांनी हंसाबाईंच्या ह्याच आयुष्यावर 'भूमिका' सिनेमा केला, १९७७ साली. स्मिता पाटीलला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तेव्हा सगळ्यांना ती कलाकृती वाटली. दुसऱ्या बाईने करून दाखवलं की कला, स्वतः सांगितलं की चव्हाटा. हंसाबाई तोवर गेल्याही होत्या, पन्नाशी न गाठता.

सकाळी ग्रुपवर मी टाईप केलं होतं, "काका, तुमची आई कोणाची गोष्ट ऐकायची विचारा." मग खोडलं. पंचाहत्तरीचे आहेत, बीपीची गोळी चालू आहे. शिवाय दिवाळीला त्यांच्याकडेच जायचंय. म्हणजे मीही काही फार शूर नाही.

त्याऐवजी आत्याला फोन केला. म्हटलं, तुला ते कालनिर्णयचं कव्हर घातलेलं पुस्तक आठवतं का? ती थोडा वेळ गप्प. मग हसायला लागली. म्हणाली, "अगं, मलाही वाचायला लावायची. माझं लग्न व्हायच्या आधी. आणि तीच पानं गाळायला लावायची."

म्हटलं, मग ती पानं तिने स्वतः कधी वाचली?

"शाळेत. मधल्या सुट्टीत. हजेरीपटाच्या आत ठेवून. तिच्या एका मैत्रिणीने मला सांगितलं होतं नंतर. दोघी मिळून वाचायच्या म्हणे, आणि घंटा झाली की डोळे पुसून वर्गावर."

मग एकदम भानावर आल्यासारखी म्हणाली, "हे फेसबुकवर वगैरे घालू नकोस हं." बरं म्हटलं.

पाच मिनिटांनी तिचाच फोन. "लिही तू. माझं नाव नको घालूस फक्त."