‘८० टक्के सक्सेस रेटवालंच सेंटर घ्या’: हा मेसेज पुढे ढकलायच्या आधी थांबा

मुंबईतल्या फॅमिली ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय. ‘आयव्हीएफ करायचंय? मग हे वाचा’ असं वर (आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबी: बाईची बीजं काढून लॅबमध्ये शुक्राणूंशी जुळवायची आणि तयार झालेला भ्रूण गर्भपिशवीत सोडायचा), आणि खाली पाच सल्ले: सक्सेस रेट ८० टक्क्यांच्या वर असलेलंच सेंटर घ्या, घराजवळचं छोटं क्लिनिक नको मोठी चेनच गाठा, टेस्टमध्ये वेळ न घालवता डायरेक्ट आयव्हीएफ करा, गॅरंटीवालं पॅकेज घ्या, आणि गुगलचे स्टार बघा. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते हे मला कळतं. पण मी या सगळ्यातून गेलेय, आता ओळखीच्या मुली मला फोन करून विचारतात आणि त्यातल्या बऱ्याच जणी हाच मेसेज प्रमाण मानून बसलेल्या असतात, म्हणून एकेक मुद्दा घेते.

पहिला, ८० टक्के. अहो पण ८० टक्के कशाचे? बीटा टेस्ट (दिवस राहिलेत का ते सांगणारी रक्ताची टेस्ट) पॉझिटिव्ह आली ते धरलंय, की सोनोग्राफीत ठोके दिसले ते, की खरंच बाळ हातात आलं ते? हे तीन वेगळे आकडे आहेत आणि पहिल्यापासून तिसऱ्यापर्यंत येताना आकडा खाली येतो, कारण मध्ये गर्भपात होतात. दुसरं म्हणजे भागलं कशाने? ज्यांनी बीजं वाढवायची इंजेक्शनं सुरू केली त्या सगळ्या जणी मोजल्या, की फक्त ज्यांचं ट्रान्स्फर झालं, म्हणजे भ्रूण पिशवीत सोडला गेला, त्या? बऱ्याच जणींची बीजं वाढतच नाहीत, सायकल, म्हणजे उपचाराची ती फेरी, रद्द होते, कुणाची बीजं निघतात पण भ्रूण पाचव्या दिवसापर्यंत टिकत नाही. या बायका हिशोबातून काढल्या की रेट आपोआप छान दिसतो. आणि डोनर बीजांच्या, म्हणजे दुसऱ्या बाईने दिलेल्या बीजांच्या, केसेस त्यातच मिसळल्या असतील तर विचारूच नका, डोनर आपल्या कायद्याप्रमाणे २३ ते ३५ वयाची असते, तिच्या बीजांचा रिझल्ट चाळिशीतल्या बाईला दाखवून काय उपयोग?

वय हा सगळ्यात मोठा भाग आहे. ब्रिटनमध्ये सरकारी नियामक संस्था आकडे छापते, तिथे ३५ च्या आतल्या बायकांना ट्रान्स्फर केलेल्या एका भ्रूणामागे मूल व्हायचं प्रमाण साधारण तिनात एक, आणि ४३-४४ व्या वर्षी शंभरात पाचच्या आसपास. सगळ्या वयांना मिळून ८० टक्के असं तिथे कुठे दिसत नाही. अमेरिकेत १९९२ च्या कायद्यामुळे क्लिनिकवार रिझल्ट प्रसिद्ध होतात. आपल्याकडे असे क्लिनिकवार आकडे लोकांसमोर येत नाहीत, त्यामुळे होर्डिंगवरचा आकडा तपासायची सोयच नाही. म्हणून प्रश्न असा विचारा: ‘माझ्या वयाच्या, स्वतःची बीजं वापरलेल्या, एग पिकअप (बीजं बाहेर काढणं) झालेल्या किती जणींना गेल्या वर्षी मूल झालं?’ यावर जो डॉक्टर तुमचं वय आणि एएमएच (बीजांचा साठा किती उरलाय ते सांगणारी रक्ताची टेस्ट) बघून ‘तुमचा चान्स कमी आहे, साधारण इतका’ असं तोंडावर सांगतो ना, त्याच्याकडे जा. ऐकायला वाईट वाटतं, रडू येतं, पण तो तुमच्याबद्दल बोलतोय.

दुसरा मुद्दा, मोठी चेनच गाठा. मुंबईत बसून हे म्हणावं याचं मला नवल वाटतं. भारतातलं शास्त्रीय नोंदींसकट सिद्ध झालेलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ ६ ऑगस्ट १९८६ ला आपल्या केईएममध्ये जन्मलं, महापालिकेच्या हॉस्पिटलात, डॉ. इंदिरा हिंदुजा आणि आयसीएमआरच्या (केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) परळच्या संस्थेतले डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या कामातून. (कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी १९७८ मध्येच हे केलं होतं, पण त्यांच्या हयातीत त्यांना कुणी मानलं नाही, ते वेगळंच दुःख आहे.) सांगायचं काय, तर चकचकीत रिसेप्शनने भ्रूण वाढत नाही, लॅबने आणि लॅबमधल्या माणसाने वाढतो.

छोट्या क्लिनिकला मी आंधळेपणाने चांगलं म्हणत नाही. काही ठिकाणी स्वतःचा एम्ब्रियोलॉजिस्ट, म्हणजे लॅबमध्ये भ्रूण वाढवणारा तज्ज्ञ, नसतो, मग दहाबारा बायकांच्या पाळ्या गोळ्यांनी एका लाइनीत आणून ‘बॅच’ करतात आणि बाहेरचा माणूस ठरल्या दिवसांत येऊन काम उरकतो. हे सरळ विचारा: एम्ब्रियोलॉजिस्ट रोज असतो का, बॅच करता का, लाइट गेली तर लॅबला बॅकअप काय? आणि मोठ्या चेनमध्ये विचारा की जाहिरातीतले डॉक्टर माझं पिकअप करणार का, की पहिल्या भेटीनंतर दिसणारच नाहीत आणि दर सोनोग्राफीला नवा चेहरा?

शिवाय अंतर. इंजेक्शनं साधारण दहाबारा दिवस चालतात, त्यात दर दोनतीन दिवसांनी सकाळी सोनोग्राफी, कधी रक्त, आणि मग ऑफिस गाठायचं. विरार किंवा बदलापूरहून दक्षिण मुंबईत फुगलेलं पोट घेऊन गर्दीच्या लोकलमध्ये उभं राहून बघा. त्यात ट्रिगर, म्हणजे बीजं पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन, घेतलं की साधारण ३४ ते ३६ तासांनी बीजं काढावीच लागतात, उशीर झाला तर ती आपोआप सुटून जातात. जुलैत रुळांवर पाणी भरलं तर पिकअप उद्यावर ढकलता येत नाही. त्यामुळे जवळ असणं हा निवडीचा खरा निकष आहे, आणि लांबचंच घ्यायचं असेल तर मधल्या सोनोग्राफी घराजवळ करून रिपोर्ट पाठवले तर चालतील का हे आधी ठरवून घ्या.

तिसरा सल्ला, टेस्ट सोडा डायरेक्ट आयव्हीएफ. याने सगळ्यात जास्त नुकसान होतं असं माझं ठाम मत आहे. जवळजवळ निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचाही काहीतरी वाटा असतो आणि वीर्य तपासणी ही या सगळ्यातली सगळ्यात स्वस्त, बिनत्रासाची टेस्ट. तरी आपल्या घरांमध्ये सून वर्षभर हार्मोनच्या गोळ्या खात असते आणि मुलाची एक टेस्ट झालेली नसते, का तर ‘त्याला कशाला’. रिपोर्ट खराब आला तर अडीच-तीन महिन्यांनी परत करायची, कारण नवे शुक्राणू तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. बाईचं थायरॉइड, बीज पिशवीकडे नेणाऱ्या नळ्या उघड्या आहेत का, पिशवीला किंवा नळ्यांना टीबी होऊन गेलाय का (आपल्या देशात हे कारण अजून सापडतं), एवढं बघायला फार दिवस जात नाहीत. हां, दोन्ही नळ्या बंद आहेत, शुक्राणू फारच कमी आहेत किंवा वय चाळिशीला टेकलंय तर डायरेक्ट आयव्हीएफ बरोबरच, तिथे उगाच वर्ष घालवणं चूक. पण ते टेस्ट बघूनच कळणार ना. पहिल्या भेटीत नवऱ्याला आत बोलावलं की नाही, यावरून क्लिनिकची बरीच पारख होते.

पॅकेजचं बघू. त्यात इंजेक्शनं धरलीत का, इक्सी (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं), भूल, फ्रीझिंग, नंतरचं फ्रोझन ट्रान्स्फर, दरवर्षीचं स्टोरेज? बऱ्याचदा यातलं अर्धं बाहेर असतं आणि इंजेक्शनांचंच बिल डोळे पांढरे करतं. गॅरंटी तर कुणालाच देता येत नाही, ‘पैसे परत’च्या खाली वयाची अट, औषधं वगळून, अमुक ट्रान्स्फर झाल्यावरच, असं बारीक अक्षरात असतं, ते घरी आणून वाचा, त्याच दिवशी सही करू नका. वरून जोडलेल्या गोष्टींचंही तेच. पिशवीच्या अस्तराला ओरखडे काढायची प्रोसिजर बरीच वर्षं विकली गेली, २०१९ मध्ये तेराशेहून जास्त बायकांवरच्या मोठ्या अभ्यासात तिचा काही फायदा दिसला नाही. प्रत्येक जादा खर्चाला विचारा, हे माझ्याच केसमध्ये का? पैशाची ओढाताण असेल तर आयसीएमआरच्या परळच्या संस्थेत वंध्यत्वाची ओपीडी आहे, आणि सीएसएमटीजवळच्या कामा हॉस्पिटलात सरकारी आयव्हीएफ सेंटर सुरू झालंय, कर्ज काढायच्या आधी तिथे एकदा जाऊन या.

गुगलचे स्टार बाळाचा फोटो हातात असलेले लोक देतात, अपयशी झालेली बाई गप्प बसते, म्हणून मी ते बघत नाही. त्यापेक्षा कागद बघा. २०२१ च्या एआरटी (वंध्यत्वाच्या अशा उपचारांच्या) कायद्याखाली प्रत्येक क्लिनिकची नोंदणी लागते, लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआय (शुक्राणू थेट पिशवीत सोडणं), आयव्हीएफसाठी लेव्हल २ हवी. क्लिनिकला तक्रार कक्ष ठेवणंही कायद्याने बंधनकारक आहे, कुठे आहे विचारा. ‘मुलगाच हवा असेल तर बघू’ असं कुणी सूचकपणेही बोललं तर तिथून उठा, तो गुन्हा आहे.

आणि फाइल तुमची आहे. लेखी मागितल्यावर ७२ तासांत कागद द्यायला डॉक्टर बांधील आहेत. किती बीजं निघाली, त्यातली पक्व किती, किती फलित झाली, पाचव्या दिवशी किती भ्रूण कोणत्या ग्रेडचे होते, किती फ्रीझ केले, हे लॅबचं एक पान असतं. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तो पहिलं तेच मागेल, म्हणून फायनल बिल भरताना ते पान हातात आल्याशिवाय काउंटरवरून हलू नका.