स्टेटस 23 आला म्हणजे फाईल बिघडली असं नाही

माझा भाचा ऐरोलीला मेनफ्रेमच्या, म्हणजे बँकांसारख्या ठिकाणच्या मोठ्या कॉम्प्युटरच्या, ट्रेनिंगवर आहे आणि कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा शिकतोय. शुक्रवारी रात्री पावणेअकराला त्याचा फोन आला. “मावशी, स्टेटस 23 येतोय. फाईल डिलीट करून परत डिफाईन करू ना?” (स्टेटस म्हणजे फाईलवरच्या प्रत्येक कामानंतर कोबोल देतं तो दोन आकडी निकाल, आणि डिफाईन म्हणजे फाईल नव्याने तयार करणं.) कोणी सांगितलं विचारलं, तर त्याने एक मेसेज पाठवला, ‘कोबोल फाईल रीडिंगचे पाच नियम’. महिन्यापूर्वी हाच मेसेज माझ्या टीममधल्या दोघांनी मला दाखवला होता. तेव्हा मी सोडून दिला, पण आता नाही सोडणार.

त्यातले नियम असे: 23 आला तर फाईल करप्ट, डिलीट-डिफाईन करा. स्टार्ट ही आज्ञा दिली की रेकॉर्ड प्रोग्राममध्ये येतं. एका खात्याची रेकॉर्ड्स संपली की अ‍ॅट एंड (वाचन संपल्याची खूण) लागतो. 46 आला तर फाईल क्लोज-ओपन करून लूप (एकेक रेकॉर्ड वाचत राहणारा भाग) परत चालवा. आणि स्टार्टआधी की-फील्डमध्ये (की म्हणजे रेकॉर्ड ओळखायचा क्रमांक) लो-व्हॅल्यूज, म्हणजे सगळ्यात लहान किंमत, टाका.

पहिला नियम सगळ्यात घातक आहे. डिलीट म्हटलं की व्हीसॅमचा (मेनफ्रेमवर फाईली ठेवायची पद्धत) अख्खा क्लस्टर, म्हणजे फाईलच, जातो आणि डिफाईनने मिळतो तो रिकामा क्लस्टर. त्यातली रेकॉर्ड्स कुठून येणार? बॅकअप असेल आणि तो कुणी परत लोड केला तरच. भाच्याची ती टेस्ट फाईल त्याच्या ट्रेनिंगमधल्या सगळ्यांची मिळून होती. पोरगा फोन न करता एंटर दाबून मोकळा झाला असता, तर सोमवारी सगळ्यांचं काम अडलं असतं.

23 चा अर्थ साधा आहे: तू मागितलेल्या कीचं रेकॉर्ड सापडलं नाही. फाईल धडधाकट असते, चुकलेलं असतं ते आपलं मागणं. भाच्याच्या फाईलची की 18 आकडी होती, आधी 10 आकडी खाते क्रमांक आणि मग 8 आकडी तारीख. त्याने खाते क्रमांक भरला, पण तारखेच्या जागी आधी वाचलेल्या रेकॉर्डची तारीख तशीच राहिली. शिवाय स्टार्टमध्ये कीची अट लिहिलीच नव्हती, आणि अट नसेल तर कोबोल ‘बरोबर तीच की’ असंच धरतं. त्या खात्यावर त्या तारखेचा व्यवहार नव्हता. 23 येणारच! तारखेत शून्यं भरून ‘नॉट लेस दॅन’, म्हणजे ‘ही की किंवा हिच्या पुढची’, लिहिलं असतं तर भागलं असतं. 23 चं दुसरं नेहमीचं कारण म्हणजे फाईलमध्ये क्रमांकाआधी शून्यं असतात आणि आपण भरलेल्या क्रमांकामागे स्पेस.

दुसऱ्या नियमासाठी आयबीएमच्या एंटरप्राइज कोबोलचा लँग्वेज रेफरन्स उघडा आणि फक्त स्टार्टचं पान वाचा. स्टार्टचं काम पुढच्या क्रमवार वाचनासाठी जागा धरणं, एवढंच. मतदार यादीत नावावर बोट ठेवावं तसं. वाचायचं काम रीड नेक्स्टचं. स्टार्टनंतर लगेच रेकॉर्डमधली शिल्लक छापाल तर ती आधीच्याच कुणाची तरी असेल. त्याच पानावर हेही आहे की स्टार्ट फसला तर फाईलमधली जागा अनिश्चित होते. म्हणून 23 कडे दुर्लक्ष करून रीड नेक्स्ट दिलं की 46 येतो, म्हणजे पुढचं रेकॉर्ड कुठलं तेच ठरलेलं नाही. तो वेगळा रोग नाही, 23 चीच पुढची पायरी आहे. (अ‍ॅक्सेस डायनॅमिक, म्हणजे कीवरूनही आणि क्रमानेही वाचायची सोय, असताना रीडपुढे नेक्स्ट लिहायला विसरलात तर कीवरून तेच रेकॉर्ड पुन्हा पुन्हा येत राहतं. यात माझी एक अख्खी रात्र गेली आहे.)

त्या 46 वर मेसेजचा उपाय काय, तर क्लोज-ओपन. ओपन केलं की फाईल पहिल्या रेकॉर्डवर जाते. बॅच (सगळ्या खात्यांवर एकदम चालणारं काम) व्याज जमा करणारी असेल तर आधी झालेल्या खात्यांवर व्याज दुसऱ्यांदा पडेल. हे लिहिणाऱ्याने कधी बँकेची रात्रीची बॅच सांभाळली आहे का?

अ‍ॅट एंड, म्हणजे स्टेटस 10, फाईल संपल्यावर येतो, खातं संपल्यावर नाही. खातं बदललं का हे लूपमध्ये आपणच तपासायचं असतं. नाही तपासलं तर एका ग्राहकाच्या स्टेटमेंटमध्ये पुढच्या ग्राहकाचे व्यवहार छापले जातात.

लो-व्हॅल्यूजचं अर्धं बरोबर आहे, मान्य करते. फाईलच्या अगदी सुरुवातीला जायचं असेल आणि सोबत ‘नॉट लेस दॅन’ असेल तर ते चालतं. ठरावीक खातं हवं असताना ते टाकून काय मिळणार?

भाच्याने त्या रात्री दोन ओळी बदलल्या आणि 00 आला, म्हणजे काम नीट झालं. मग खात्याची तपासणी नव्हती म्हणून पुढच्या खात्याचे व्यवहारही छापले गेले, तीही घातली. आता आकडे जुळतात. मेसेज ज्याने लिहिला त्याने बाकीचं सावकाश सुधारावं, पण पहिला नियम आजच काढावा.