‘वॉर डे’ कसला ओ, पोराचं डोकं हाय ते

सकाळी चहा गॅसवर ठेवून मोबाईल उघडला आणि चहा उतू गेला तरी कळलं नाही, एवढं डोकं फिरलं. ओळखीतल्या एका पोराचं स्टेटस. बॉक्सिंग क्लबातला व्हिडिओ. क्लबाचं नाव घेत नाही, बेळगाव काय एवढं मोठं नाही. रिंगमध्ये १३-१४ वर्षांचं एक पोर, हेडगार्ड इतकं ढिल्लं की डोळ्यांवर आलंय, आणि समोर मिसरूड फुटलेला, दहा-बारा किलोनं तरी जड असलेला गडी. कोपऱ्यात, मग दोरीवर, मग परत कोपऱ्यात. पोराचे हात खाली आलेत, मान मागं जातेय आणि बाहेरनं आवाज, "मार की रे, थांबतोस कशाला!" वर डीजेचं गाणं लावलंय आणि लिहिलंय, ‘आज वॉर डे’, म्हणजे सरावातच फुल जोरात मारामारीचा दिवस. खाली वाघ, आग, दंड फुगवलेले हात. त्यात त्या पोराच्या काकाचं पण एक बदाम.

काका, तुम्ही माझ्या लिस्टमध्ये आहात. वाचा.

बाकीच्यांना काय सांगायचं, तुम्ही कुणी लेकरू मार खाताना बघून टाळ्या वाजवणाऱ्यातले नाही हे मला माहीत आहे. पण हाच व्हिडिओ उद्या तुम्हाला कुणी पाठवला तर तुम्ही पण "भारी रे" म्हणून मोकळे व्हाल, कारण हे बॉक्सिंग आहे आणि बॉक्सिंगमध्ये मार खायचाच असतो असं आपल्याला वाटतं. तिथंच सगळा घोळ आहे.

मी स्वतः चार वर्षं खेळलेय. नवीन मैत्रिणींना माहीत नसेल, आता उद्यमबागेत अकौंट्स बघणारी बाई दिसते मी, पण ५१ किलोत खेळायचे. २०१२ ला पहिल्यांदा बायकांचं बॉक्सिंग ऑलिम्पिकला आलं, मेरी कोमनं लंडनला ५१ मध्येच ब्राँझ आणलं आणि त्याच पावसाळ्यात मी आईशी भांडून क्लबात नाव घातलं. पोरी तीन. त्यातली एक ४५ किलोची, एक ७० च्या वर. मग मला पार्टनर कोण? पोरगे.

पुढच्या वर्षी स्टेटच्या सिलेक्शनला दोन आठवडे राहिले असताना सोमवार, मंगळवार, बुधवार असं सलग तीन दिवस पाच-पाच राउंड स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, केली, फुल जोरात. समोर माझ्यापेक्षा नऊ-दहा किलोनं जड एक मुलगा. बुधवारी चौथ्या राउंडला त्याचा डावा हुक, म्हणजे बाजूनं वळवून मारलेला ठोसा, कानाच्या वर बसला. पडले नाही मी. हे नीट वाचा, पडले नाही. राउंड पूर्ण केला, पाचवा पण खेळला, हाताला गुंडाळलेलं बँडेज सोडलं, सायकल काढली आणि वडगावला घरी आले.

घरी म्हणजे, आमच्या घरी नाही. आमच्यापासनं तिसरं दार आक्काचं, कानडी घर. आक्कानं दार उघडलं तर मी सरळ आत, बॅग टाकली, स्वयंपाकघरात मांडी घालून बसले आणि म्हटलं, "आई, मी आलो गं, वाढ." (आमच्याकडं पोरी पण ‘मी आलो’च म्हणतात, पुण्यातल्या मैत्रिणींनी हसू नये.) आक्का पहिल्यांदा हसली. तिला वाटलं मस्करी करूलाली. ताट पण वाढलं बिचारीनं, भाकरी आणि एण्णगाई (भरलं वांगं). मग माझे डोळे बघितले आणि म्हणाली, "याकव्वा, एनातु?" (का गं, काय झालं?) आणि मी तिच्या ताटातच ओकले.

यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. हे सगळं आक्कानं सांगितलेलं. क्लबापासनं वडगावपर्यंतचा रस्ता, मधला रेल्वेचा पूल, संध्याकाळची ट्रॅफिक, सगळं मी सायकलवरनं पार केलं आणि त्यातलं एक चाक फिरलेलं पण मला आठवत नाही. आज पण.

बरं. तर आता स्पारिंग किती करायचं?

आमच्या इथं ही सवय कुठनं आली ते मला माहीत आहे, कारण माझे आजोबा तालमीतले. आनंदवाडीच्या आखाड्यातली कुस्ती बघतच आम्ही मोठे झालो. तालमीत रोज लढत धरायचीच, त्याशिवाय पैलवान तयार होत नाही, आणि ते बरोबरच आहे. थोरला पैलवान धाकट्याला धरतो, घामटा काढतो, पाठ टेकवतो, परत उठवतो. अंग दुखतं, कान फुटतात, गुडघे जातात. पण तांबड्या मातीत कुणी रोज कुणाच्या कानशिलावर ठोसे घालत नाही ओ! कुस्तीतला रोजचा नेम उचलून तसाच बॉक्सिंगच्या रिंगमध्ये आणला तर ते रोज लेकराचं डोकं हलवणं होतं. आजोबा असते तर त्यांनीच पहिला शिव्या घातल्या असत्या. कारण त्यांच्या तालमीत वस्ताद नुसतं "बास" म्हणाला की दोघं सुटायचे, आणि जोड लावताना वजन, वय आणि कोण कालच तापातनं उठलंय हे सगळं त्याच्या डोक्यात असायचं.

"हेडगार्ड असतंय की" म्हणणाऱ्यांसाठी. हेडगार्डनं भुवई फुटायची वाचते, कान वाचतो. मेंदू नाही वाचत. गोटा नारळ कानाशी धरून हलवा, आत खोबरं वाजतंय की नाही? बाहेरनं कितीपण काथ्या गुंडाळा, आत वाजायचं ते वाजतंच. २०१३ ला मोठ्या पुरुषांच्या मॅचमधनं हेडगार्ड काढूनच टाकलं, ते काय उगाच नाही. (लहान पोरांचं काढा असं मी म्हणत नाहीये, तेवढं तरी घट्ट बांधा.)

आणि ‘शुद्ध हरपली नाही म्हणजे काही झालं नाही’ हे डोक्यातनं काढा. माझी शुद्ध हरपली नव्हती. मी सायकल चालवत होते.

मॅचच्या नियमात काय आहे बघा. डोक्याला मार बसून रेफ्रीनं बाऊट (लढत) थांबवली तर किमान ३० दिवस खेळायचं नाही, आणि त्यात स्पारिंग पण आलं. मॅचला डॉक्टर असतो, रेफ्री असतो, बॉक्सरच्या पुस्तकात लिहून जातं. क्लबात बुधवारी संध्याकाळी कोण लिहितंय? माझं तर कुणी लिहिलं नाही. मी शुक्रवारी परत ग्लोव्हज घातले. हो, दोनच दिवसांनी. डोकं दुखत होतं, ट्यूबलाईटकडं बघवत नव्हतं, आईवर विनाकारण खेकसत होते, आणि मला वाटलं टेन्शन आहे सिलेक्शनचं. पहिली जखम भरायच्या आत दुसरा दणका बसला तर मेंदूला सूज येऊन माणूस जाऊ शकतो, तरण्या पोरांना धोका तर जास्तच. हे मला पाच-सहा वर्षांनी कळलं. वाचून अर्धा तास तशीच बसले होते.

हिशेब पण करून बघितला मी, अकौंट्सवाली आहे शेवटी. तेव्हा आम्हा बायकांचे दोन मिनिटांचे चार राउंड असायचे, आता तीन-तीन मिनिटांचे तीन. म्हणजे माझी अख्खी मॅच आठ मिनिटांची. आणि त्या तीन दिवसांत मी मार खाल्ला तीस मिनिटं. आठ मिनिटांच्या परीक्षेसाठी तीस मिनिटं डोकं फोडून घेतलं, आणि परीक्षेला गेले तेव्हा डोक्यात धुकं. समोरच्या मुलीचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, यायचा, दिसायचा, पण हात वर जाईपर्यंत लागून गेलेला असायचा. दुसऱ्या राउंडनंतर मला स्कोअर विचारायचं पण सुचलं नाही. हरले. जिंकले असते तर ही पोस्ट कदाचित लिहिलीच नसती, हे पण खरं आहे.

मान्य, अजिबात स्पारिंग न करता पोराला मॅचला पाठवणं हा पण गुन्हाच. पहिला ठोसा नाकावर बसला की डोळे आपोआप मिटतात, श्वास अडकतो, पाय विसरतात. ते टांगलेल्या बॅगवर ठोसे मारून शिकता येत नाही, बॅग उलटी मारत नाही. अंतर, टायमिंग, भीती, यासाठी समोर माणूस पाहिजेच. पण माणूस पाहिजे म्हणजे वैरी पाहिजे असं नाही. आठवड्यातनं एकदा, फार तर दोनदा, तीन-चार राउंड, आपल्या वजनाचा पार्टनर, १६ औंसचे, म्हणजे जाड गादीचे ग्लोव्हज, आणि त्यातलं पण बरंचसं हलकं. फुल जोरात करायचंच तर मॅच ठरल्यावर, पंधरा दिवसांतनं एखाद्या वेळी, आणि शेवटचे आठ-दहा दिवस डोक्याला हात लावायचा नाही. हे माझं मत. कुणाला कमी वाटेल, वाटू दे.

बाकीचे दिवस काय करायचं, तर किती तरी आहे. फक्त जॅबचा राउंड. फक्त अंगावर मारायचं, मानेच्या वर बंद. एकानं मारायचं, दुसऱ्यानं नुसतं चुकवायचं. पॅड्स, म्हणजे मास्तरनं हातात गाद्या धरायच्या आणि पोरानं त्यावर मारायचं. थायलंडचे मुए थायवाले (ठोसे आणि लाथांचा तिकडचा खेळ) बघा, सारखे फाईट खेळणारे लोक, पण सरावात एकमेकांना असे हात लावतात की जणू दोन भाऊ अंगणात खेळूलालेत. पण पॅड धरायला मास्तरला घाम गाळावा लागतो, प्रत्येक पोराला दहा मिनिटं द्यावी लागतात. त्यापेक्षा दोघांना रिंगमध्ये सोडलं की आपण खुर्चीवर बसून व्हिडिओ काढायला मोकळे. आणि वरनं वजन उतरवायला म्हणून प्लास्टिकचा जर्किन घालून, पाणी न पिता पळवलेल्या पोराला त्याच दिवशी स्पारिंगला उभं करणारे महाभाग पण मी बघितलेत!

जरा थांबले. आईनं परत चहा दिला.

सरांबद्दल पण लिहायला पाहिजे. आमच्या सरांनी एक रुपया फी घेतली नाही कधी. बँडेज स्वतःच्या पगारातनं आणायचे, मॅचला जाताना एसटीत पोरींना खिडकी द्यायचे आणि स्वतः उभे राहायचे. त्यांना जसं शिकवलं तसं त्यांनी आम्हाला शिकवलं. त्या बुधवारनंतर आईनं त्यांना खूप बोलून घेतलं तर मान खाली घालून ऐकलं त्यांनी. मला त्यांचा राग नाही. पण तेव्हा माहीत नव्हतं म्हणून सोडून दिलं, आज काय? अमेरिकेतल्या मार्टलंड नावाच्या डॉक्टरनं ‘पंच ड्रंक’, म्हणजे ठोसे खाऊन खाऊन मेंदू बिघडलेल्या बॉक्सरांवर १९२८ साली लिहून ठेवलंय, शंभर वर्षं होत आली. मुहम्मद अली सरावात पार्टनरला मुद्दाम मारू द्यायचा, मार सोसायची सवय पाहिजे म्हणून. १९८० ला दिल्लीत येऊन आपल्या बॉक्सर कौर सिंगबरोबर प्रदर्शनी सामना खेळून गेला आणि १९८४ ला पार्किन्सन निघालं. बॉक्सिंगमुळंच झालं असं छातीठोक कुणी सांगत नाही, बरं. पण बघितलेल्यांना ते थरथरणारे हात आठवत असतील. आणि २०२२ च्या जुलैत बेंगळूरला किकबॉक्सिंगच्या मॅचमध्ये आपल्याच राज्यातला, म्हैसूरचा पोरगा डोक्याला मार बसून गेला. ती मॅच होती, स्पारिंग नव्हतं, खेळ पण वेगळा, माहीत आहे. डोकं तेच की.

ज्यानं मला तो हुक मारला तो आता मच्छेला एका कारखान्यात आहे. अजून बोलतो आम्ही. त्याला मी हे वाचून दाखवलं मघाशी फोनवर, तर म्हणाला, "कशाला घाबरवूलालीस गं लोकास्नी, मी तुझ्या चौपट मार खाल्ला, मला काय झालं?" काही झालं नाही त्याला, खरंच. हिशेब माझ्यापेक्षा चोख. मग जरा वेळानं त्यानंच विचारलं, "तू त्या दिवशी खरंच आक्काच्या घरात गेलतीस?" मी म्हटलं, होय. तर म्हणाला, "मला कुणी सांगितलंच नाही." बारा-तेरा वर्षं झाली. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. तो हसला नाही, फोन पण ठेवला नाही, नुसता गप्प.

भाचीला मी बॉक्सिंगला घातलंय, हे पण सांगते, नाहीतर म्हणाल हिला खेळच नको आहे. आठवीत आहे, पाय काय हलतात तिचे, माझे कधी हलले नाहीत तसे. तिच्या क्लबात मी संध्याकाळी पॅड धरायला जाते आणि तिच्या स्पारिंगला कोण उभं राहणार हे मी ठरवते. तिच्या सरांना आवडत नाही ते. नाही आवडू दे.

आणि त्या व्हिडिओतल्या पोराचा पत्ता काढलाय मी, अनगोळचा आहे. उद्या रविवार, सकाळी त्याच्या काकांकडं जाणार आहे. ओरडायला नाही, चहा प्यायला. पोराला रात्री झोप लागली का, डोकं दुखतंय का, ओकला का, एवढंच विचारणार. आई म्हणते, तू ओरडशीलच.

येताना आक्काकडं पण जाईन. ती अजून मी दारात दिसले की आधी विचारते, "निम्म मनी याव्दव्वा?" (तुमचं घर कुठलं गं?) आणि मी हात करून आमचं दार दाखवल्याशिवाय आत घेत नाही.